कोऱ्या चौकटीचा अर्थ कोण ठरवतो?

परीक्षेत शून्य गुण मिळवणारा विद्यार्थी, परीक्षेला गैरहजर असलेला विद्यार्थी आणि ज्याची उत्तरपत्रिका अजून तपासायची आहे तो विद्यार्थी, हे तिघे वेगळे आहेत हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. कागदी गुणपत्रकात पहिल्याच्या नावापुढे ० येते, दुसऱ्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा येतो आणि तिसऱ्यापुढची चौकट काही दिवस कोरी राहते. हेच गुणपत्रक संगणकाच्या डेटाबेसमध्ये गेले की या तिघांचे काय होते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. हल्ली शाळेची पटसंख्या, निकाल, शिष्यवृत्ती आणि पोषण आहाराची माहिती अशाच तक्त्यांतून वर जाते. म्हणून डेटाबेसमधील कोऱ्या चौकटीचे नियम आणि ते बदलणारी सेटिंग्ज यांची थोडी झडती घेण्याचे आम्ही योजले आहे.

डेटाबेस म्हणजे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांचा संग्रह. त्याला ठरावीक भाषेत प्रश्न विचारायचा आणि त्याने अटीत बसणाऱ्या ओळी काढून द्यायच्या, अशी ही व्यवस्था आहे. तिचा पाया आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेला १९८६ साली अमेरिकेत प्रमाणित रूप मिळाले. कोऱ्या चौकटीसाठी या भाषेत ‘नल’ ही खूण आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा शब्दही नव्हे. ‘येथे मूल्य नोंदलेले नाही’ एवढेच ती सांगते. त्यापूर्वी अनेक ठिकाणी कोऱ्या जागी ९९९ किंवा −१ असा खुणेचा आकडा भरण्याची पद्धत होती, आणि एखाद्याने विसरून त्याचीच सरासरी काढली की घोटाळा होई. त्या मानाने नल ही सुधारणा होती, हे आधीच मान्य केले पाहिजे.

पाच मुलांचा वर्ग

समजा एका वर्गात पाच मुले आहेत. ५० गुणांच्या चाचणीत त्यांना ३५, २०, ० आणि ४५ गुण मिळाले, आणि पाचव्याची चौकट कोरी आहे. सरासरी किती? एसक्यूएलचा सरासरी काढणारा आदेश नल वगळतो. १०० भागिले ४, म्हणजे २५. कोऱ्या जागी कोणी शून्य भरले असेल तर १०० भागिले ५, म्हणजे २०. वर्ग तोच, गुण तेच, सरासरीत पाच गुणांचा फरक.

आता विचारू, १८ किंवा अधिक गुण कोणाला? उत्तर येते ३. अठराहून कमी कोणाला? उत्तर येते १. तीन आणि एक मिळून चार होतात, पण वर्गात मुले पाच आहेत. पाचवा विद्यार्थी दोन्ही याद्यांत नाही. यंत्र येथे चुकलेले नाही. ‘नल १८पेक्षा कमी आहे का?’ या प्रश्नाला ते ‘होय’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, ते ‘अज्ञात’ म्हणते. अशा तीन मूल्यांच्या तर्कशास्त्राची मांडणी पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासेविच यांनी १९२० सालीच केली होती. एसक्यूएल यादी करताना ज्या ओळींचे उत्तर ‘होय’ आहे तेवढ्याच ओळी दाखवते. ‘अज्ञात’ ओळी गळतात आणि त्या गळल्याचे कोणी सांगत नाही.

आमचा पहिला आक्षेप येथे आहे. या ‘अज्ञात’ला सगळीकडे एकच वागणूक मिळाली असती तर ती अंगवळणी पडली असती. पण तसे नाही. यादी करताना ‘अज्ञात’ हे ‘नाही’सारखे मानले जाते. उलट माहिती भरताना ‘गुण ५०हून अधिक नसावेत’ असा निर्बंध घातला असेल, तर तेथे ‘अज्ञात’ बिनबोभाट आत घेतले जाते. दोन नल एकमेकांबरोबर आहेत का, या प्रश्नाचे उत्तर ‘अज्ञात’ येते. पण गट पाडताना सगळे नल एकाच गटात बसवले जातात. मातृभाषेनुसार मुलांचे गट पाडले, तर ज्यांची भाषा नोंदलेलीच नाही अशी मराठी, गुजराती, उर्दू बोलणारी मुले एका भाषेची असल्यासारखी एकत्र येतात. क्रमाच्या बाबतीत तर एकमत नाहीच. चढत्या क्रमात ओरॅकल आणि पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतात; मायएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर तो सुरुवातीला ठेवतात. आता गुणवत्ता यादीसाठी क्रम उतरता केला, की पहिल्या दोघांच्या यादीत कोऱ्या चौकटीचा विद्यार्थी सर्वांत वर येतो. वेगळी सूचना दिली नाही, तर परीक्षेला न बसलेला मुलगा वर्गात पहिला!

एक खूण, अनेक अर्थ

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चौकट कोरी का राहिली, हे नल सांगत नाही. मिरा-भाईंदरच्या लोकसंख्येचा तक्ता करून पाहू. १९९१ साली १,७५,६०५, २००१ साली ५,२०,३८८ आणि २०११ साली ८,०९,३७८ असे जनगणनेचे आकडे आहेत. त्याच तक्त्यात १९८१ आणि २०२१ या ओळी वाढवल्या तर पुढे काय लिहावे?

मिरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. म्हणजे १९८१ साली ज्याचे डोके मोजायचे ते शहरच त्या नावाने आणि त्या सीमांनी अस्तित्वात नव्हते. माणसे मात्र होती. भाईंदरच्या मिठागरांत आणि उत्तनच्या कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होती. २०२१ची गोष्ट निराळी आहे. शहर आहे, लोकसंख्याही आहे, पण त्या वर्षी होणारी जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जून २०२५च्या अधिसूचनेने ठरली. पहिली चौकट कोरी आहे कारण तो प्रश्नच तेथे लागू होत नाही; दुसरी कोरी आहे कारण उत्तर आहे पण ते कोणी मोजले नाही. डेटाबेस दोन्ही ठिकाणी तीच एक खूण ठेवतो.

आणि कोणी उत्साहाने तेथे शून्य भरले तर? २०११ ते २०२१ या दशकात लोकसंख्या ८,०९,३७८ने घटली, म्हणजे अख्खे शहर ओस पडले, असे उत्तर संगणक शांतपणे देईल. नल ठेवला तर वजाबाकीचे उत्तरही नल येते. येथे नलची बाजू निःसंशय बरोबर आहे. पण ‘लागू नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतला भेद तिला सांगता येत नाही. हे कॉड यांच्याही लक्षात आले होते. १९९०च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या दोहोंसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. तीन मूल्यांच्या तर्कशास्त्राने आधीच दमलेल्या लोकांना चार मूल्यांचे तर्कशास्त्र नको होते, आणि ती सूचना प्रत्यक्षात आली नाही.

सेटिंगचा खेळ

तिसरा आक्षेप सेटिंग्जवर आहे. प्रमाणित नियमानुसार ‘गुण बरोबर नल’ अशी अट घातली तर एकही ओळ मिळत नाही, कारण अज्ञाताशी कोणतीही तुलना अज्ञातच असते. कोऱ्या चौकटी हव्या असतील तर ‘गुण नल आहे का’ असा वेगळ्या धाटणीचा प्रश्न विचारावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र ‘अ‍ॅन्सी नल्स’ नावाचे एक सेटिंग आहे. ते चालू असेल तर वरचा नियम लागू होतो. बंद केले तर तीच अट कोऱ्या चौकटींच्या ओळी हजर करते. तक्ता तोच, प्रश्न अक्षरशः तोच. एकदा उत्तर ‘कोणी नाही’, एकदा ‘हा विद्यार्थी’.

बारकाईने पाहिले तर हे सेटिंगही अर्धेमुर्धेच काम करते. तुलनेच्या एका बाजूला ‘नल’ हा शब्द किंवा नल धारण केलेले चल असेल तरच त्याचा परिणाम होतो. दोन रकान्यांची एकमेकांशी तुलना केली तर सेटिंग बंद असूनही जुनाच नियम चालतो. शिवाय साठवून ठेवलेली कार्यपद्धती तयार करताना जे सेटिंग होते, तेच तिच्याबरोबर गोठून राहते. वापरणाऱ्याने आज काही ठरवले तरी दहा वर्षांपूर्वी कोणी तरी ठरवलेला अर्थ आतून चालत राहतो. हे सेटिंग पुढे कायम चालूच राहील, बंद करण्याची सोय काढून टाकू, असे मायक्रोसॉफ्टनेच आपल्या दस्तऐवजात लिहून ठेवले आहे.

आकड्यांचे झाले, आता नावांचे पाहू. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची नोंद मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. समजा या चार रकान्यांपैकी वडिलांचा रकाना कोरा आहे आणि चारही जोडून पूर्ण नाव छापायचे आहे. प्रमाणित नियमाप्रमाणे नलला काहीही जोडले तरी उत्तर नल येते. परिणामी मुलाचे स्वतःचे नाव, आईचे नाव आणि आडनावही नाहीसे होते आणि यादीत नुसता हजेरी क्रमांक उरतो. ओरॅकल येथे नलला रिकामा शब्द समजतो आणि उरलेली तीन नावे नीट जोडून देतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये काय होईल हे पुन्हा एका सेटिंगवर अवलंबून. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाचे नाव यादीत दिसेल की नाही, हे कुठल्याशा कार्यालयातील संगणकावरच्या एका कळीवर ठरावे, हे आम्हाला मुळीच पसंत नाही.

तरीही वरची सगळी उदाहरणे दुरुस्त होऊ शकणारी आहेत. मूळ चौकट कोरी आहे. प्रश्न बदलला की योग्य उत्तर मिळते. खरा धोका माहिती भरतानाच्या सेटिंगमध्ये आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या, सैल पद्धतीत सक्तीचा रकाना भरायचा राहिला तर यंत्र आपणहून अंकाच्या जागी ० भरत असे आणि फक्त एक इशारा देत असे. २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून कडक पद्धत ही मूळ निवड झाली. सैल पद्धत निवडण्याची सोय अजूनही आहे. एकदा चौकटीत शून्य पडले की ते मिळवलेले शून्य आहे की भरलेले शून्य, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. हाताने माहिती भरतानाही हेच घडते. रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसेल तर माणूस काही तरी भरतोच: उत्पन्न ०, भ्रमणध्वनी क्रमांक दहा वेळा ९. कोऱ्या चौकटीने निदान आपले अज्ञान कबूल केले असते.

गळणारी मुले कोणती?

यावर एक सरळ उत्तर दिले जाते: कोऱ्या चौकटी सोडून द्या आणि उरलेल्यांचा हिशेब करा. बहुतेक आदेश हेच करतात आणि पाचपैकी चार मुलांची सरासरी काढण्यात वरवर काही चूकही दिसत नाही. परंतु सोडून देणे हाही एक दावाच आहे. गळलेले आणि उरलेले सारखेच आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते.

२६ जुलै २००५चा पाऊस घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर आणि कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोहोंची सरासरी सुमारे ५०८ येते. समजा त्या दिवशी सांताक्रूझची नोंद मिळालीच नसती. नल वगळून सरासरी आली असती ७३ आणि शून्य भरून ३६. प्रत्यक्ष स्थितीच्या जवळ यांपैकी एकही नाही. आणि नोंद बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती अशाच प्रलयाच्या दिवशी.

शाळेतही तसेच आहे. दहावीच्या निकालाची टक्केवारी परीक्षेला प्रविष्ट झालेल्यांवर काढली जाते, नोंदणी केलेल्यांवर नाही. हा नियम जाहीर आहे, दोन्ही संख्या छापल्या जातात, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पण जी मुले प्रविष्ट झाली नाहीत ती सरासरी मुलांसारखी असतात, असे कोणता शिक्षक म्हणेल? मिरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झाली, ती मुख्यतः बाहेरून येणाऱ्या कुटुंबांमुळे. अशा गावात वर्षाच्या मध्येच येणारे, दाखला मागाहून आणणारे, जन्मतारखेचा पुरावा नसलेले मूल वर्गात असणे नवलाचे नाही. कोऱ्या चौकटी सर्व मुलांत सारख्या वाटलेल्या नसतात. त्या अशाच मुलांच्या ओळींत गोळा होतात. म्हणून नल वगळणारा हिशेब नेमका त्यांनाच वगळतो.

याचे टोकाचे उदाहरणही सांगतो. ‘ज्यांचा क्रमांक शिष्यवृत्तीच्या यादीत नाही अशी मुले दाखवा’ असा प्रश्न विचारला, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत एका ओळीत हजेरी क्रमांक कोरा असला, तर उत्तरात एकही नाव येत नाही. तो कोरा क्रमांक कदाचित याच मुलाचा असेल, असे प्रत्येक मुलाबाबत म्हणता येते. म्हणून कोणाहीबद्दल ‘यादीत नाही’ असे यंत्र ठामपणे म्हणत नाही. तर्क निर्दोष आहे. पण समोर दिसते ती रिकामी यादी, आणि वाचणारा समजतो की एकही मूल वंचित राहिलेले नाही.

मग करावे काय?

सेटिंग्जच्या बाजूनेही बोलले पाहिजे. प्रमाणित नियम येण्यापूर्वी लिहिलेल्या हजारो आज्ञावल्या एका रात्रीत बंद पाडता येत नव्हत्या. त्या चालू राहाव्यात म्हणून ही सोय केली गेली आणि तेव्हा ते शहाणपणाचेच होते. दुसऱ्या टोकाला ख्रिस डेट यांच्यासारखे अभ्यासक आहेत. नल ही खूणच नको, तक्त्यांची रचनाच अशी करा की कोरी चौकट उरणार नाही, असे ते म्हणतात. तर्काच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे स्वच्छ आहे. पण शाळेच्या माहितीत कोऱ्या जागा राहणारच. त्यासाठी प्रत्येक रकान्याचा वेगळा तक्ता करणे शिक्षकाला परवडणारे नाही.

आमच्या मते नल ठेवावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. प्रत्येक महत्त्वाच्या रकान्याशेजारी कारणाचा एक छोटा रकाना असावा: गैरहजर, तपासणे बाकी, लागू नाही, माहिती दिली नाही. हजेरीपटात शिक्षक जे करत आले तेच हे आहे. सक्तीच्या रकान्यात ‘माहीत नाही’ हा पर्याय असलाच पाहिजे. आणि कोणतीही सरासरी किंवा टक्केवारी कळवताना ती किती जणांवर काढली व किती जण सुटले, या दोन संख्या तिच्यासोबत लिहाव्यात. ‘सरासरी २५’ ऐवजी ‘सरासरी २५, पाचपैकी चारांची, एक गैरहजर’ असे लिहायला अर्धी ओळ अधिक लागते.

वर्गात करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. एक्सेलमध्ये शेजारच्या दोन चौकटी घ्या. एकीत ३० लिहा, दुसरी कोरी ठेवा. सरासरीचे तयार सूत्र वापरा, उत्तर ३० येईल. मग दोन्ही चौकटींची बेरीज करून तिला २ने भागा, उत्तर १५ येईल. आता कोऱ्या चौकटीत ० लिहा आणि सेटिंग्जमधील ‘शून्य दाखवा’ ही खूण काढून टाका. चौकट पुन्हा कोरी दिसेल, पण तयार सूत्राचे उत्तर आता १५ असेल. कोणते उत्तर बरोबर, हे मुलांना लगेच सांगू नका. ती चौकट कोरी का आहे, हे आधी त्यांनी विचारावे, आणि ते विचारेपर्यंत थांबावे.